एलीचा शनिवार आणि टेबलाचा चौथा पाय

एली थळकर शनिवारी सकाळी गेला आणि मला ते कळलं संध्याकाळी, आकाशात तारे दिसायला लागल्यावर. त्याच्या घरात शनिवारी फोनला हात लावत नाहीत. कॉव्हेंट्रीतल्या घरातून तो नेहमीसारखा प्रार्थनेला चालत निघाला, कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या लाल पेटीला जरा टेकला, आणि तिथेच... संपला. मी आता मेडनहेडला असतो, एका गोदामात कामाला. त्या दिवशी अख्खी दुपार मी खोलीत बसून एलीला पुढच्या भेटीत ऐकवायचा एक जोक घोळवत होतो. जोक त्याच्यावरच होता. म्हणजे माणूस जाऊन सहा-सात तास झालेले आणि मी इकडे त्याची टिंगल पाठ करतोय. मग फोन वाजला. एलीची मुलगी नेओमी बोलत होती. ती पाच वर्षांची असताना इथे आली, आता केंब्रिजला एका लॅबमध्ये काम करते, आणि तिचं मराठी जरा धक्का मारून चालू करावं लागतं. "गजाकाका," ती म्हणाली, "पप्पा गेला." मी विचारलं, "कुठे गेला?" मला खरंच वाटलं, लंडनला वगैरे गेला असेल. मग तिने तेच इंग्रजीत सांगितलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

रविवारी मी पहिल्या गाडीने कॉव्हेंट्रीला पोचलो. एली आमच्याच बाजूचा, अलिबागच्या किनाऱ्यावरचा, पण बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. त्यांच्यात शेवटची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. कबरीपाशी नऊ जमले होते. दहावा कुठेतरी गाडी पंक्चर होऊन अडकलेला. वारा असा की टोप्या हाताने धरून सगळे उभे. मी हात वर केला आणि म्हटलं, "मी आहे ना." त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "You are very kind," ते म्हणाले, "but we can't count you." मी म्हटलं ठीक आहे, आपल्याला सवय आहे. हजर राहायचं आणि मोजलं जायचं नाही, हे काम मी दोन वर्षं केलेलं आहे, तेही कॉलेजात. दहावा माणूस वीस मिनिटांनी धापा टाकत आला आणि एलीचं काम झालं.

एलीच्या बायकोला, रूथला, मी वहिनी म्हणतो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही लिहा काहीतरी. सगळीकडे तुम्हीच होतात त्यांच्याबरोबर." मी म्हटलं, वहिनी, मी शाळा तिसरीत सोडलेला माणूस. खरं तर शाळेनेच मला सोडलं, मास्तरांनी वडिलांना हात जोडून सांगितलं होतं. पण वहिनींना नाही म्हणता येत नाही. तर ज्या मासिकाला हे पाठवतोय, त्याच्या संपादकांनी ऱ्हस्वदीर्घाचं काय ते बघून घ्यावं.

एली मला भेटला बासष्ट साली, कॉव्हेंट्रीच्या एका मोटारींच्या कारखान्यात. मी तिथे झाडू मारायचो. मशीनखाली लोखंडाचे कुरळे कीस पडतात, ते गोळा करायचे. तो लेथवर टर्नर होता. माझ्याकडे बघून त्याने सरळ मराठीत विचारलं, "कुठले?" मी गाव सांगितलं. त्याने त्याच्या आजोबांचं गाव सांगितलं. मध्ये एक खाडी, बस. मी हसलो आणि म्हटलं, "अरे, म्हणजे तू शनवार तेली!" आमच्याकडे त्या लोकांना हेच म्हणायचे. पूर्वी त्यांचे तेलाचे घाणे असायचे आणि शनिवारी, त्यांच्या देवाच्या दिवशी, घाणा बंद, म्हणून शनवार तेली. हे नाव तोंडावर म्हणायचं असतं की नाही, हा विचार माझ्या डोक्यात नेहमीप्रमाणे नंतर आला. पण एली इतका मोठ्याने हसला की फोरमन वळून बघायला लागला. "आठ हजार किलोमीटर आलो," एली म्हणाला, "आणि पहिला माणूस भेटला तो हे म्हणणारा." त्या दिवसापासून तो मला गज्या म्हणायला लागला. पुढच्या वर्षी वहिनी आणि नेओमी मुंबईहून आल्या, त्याने कॉव्हेंट्रीतच फोल्सहिलमध्ये घर घेतलं, आणि पुढची खोली मला दिली. मी भाडेकरू म्हणून गेलो आणि बारा वर्षं जेवायलाच बसलो.

एलीची अडचण एकच होती, शनिवार. त्या काळी कारखान्यात शनिवारी सकाळी मशीनवाल्यांना यावंच लागायचं. मुंबईत एलीने कधी शनिवारी हत्यार हातात घेतलं नव्हतं, त्याच्या बापाने घेतलं नव्हतं, आजोबांचा तर घाणाच बंद असायचा. इथे मिस्टर हॉब्ज नावाचा फोरमन होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या मते आठवड्यात सहा दिवस होते आणि सातव्या दिवशी फुटबॉलची चर्चा. तो म्हणाला, शनिवार नको असेल तर इन्स्पेक्शनमध्ये जा, ते लोक शनिवारी येत नाहीत. इन्स्पेक्शन म्हणजे तयार पार्ट मोजून तपासायची काचेची खोली. तिथली माणसं पांढरे कोट घालून बसायची. एली म्हणाला, मग मला पाठवा, माझं मॅट्रिक झालंय, मुंबईला आठ वर्षं काम केलंय. हॉब्ज म्हणाला, तिकडचे कागद इकडे चालत नाहीत. टेक्निकल कॉलेजात दोन वर्षं संध्याकाळी जा, सर्टिफिकेट आण, मग बोल.

तोपर्यंत आम्ही अदलाबदल केली. शनिवारी त्याच्या मशीनवर मी उभा राहायचो, आणि रविवारी मशीनं बंद असताना जी मोठी झाडलोट असते, ती माझ्याऐवजी एली करायचा. म्हणजे लेथवर झाडूवाला आणि झाडूवर टर्नर. मी शनिवारी जे पार्ट बनवायचो, त्यातले निम्मे एली सोमवारी गुपचूप पुन्हा घासायचा, आणि उरलेले निम्मे घासूनही उपयोग नसायचा. हॉब्जच्या हे लक्षात यायला फार वेळ लागला नाही. तो एलीला म्हणाला, "जून. कॉलेज संपेपर्यंत मी तुझ्या या दोस्ताला सहन करतो. त्यानंतर शनिवारी तू मशीनवर, नाहीतर मशीन दुसऱ्याला." एवढं सगळं त्या दोन वर्षांच्या कागदावर लटकत होतं. आजकालच्या पोरांना सांगितलं तर हसतील.

मी कॉलेजात कसा गेलो, ते सांगतो. ड्रॉइंगच्या वर्गाला लाकडी बोर्ड न्यावा लागायचा, दारासारखा मोठा. वाऱ्यात तो बोर्ड शिडासारखा फुगायचा आणि एली रस्ता सोडून भलतीकडे जायचा. म्हणून दुसरं टोक धरायला मी. बसचा कंडक्टर रोज विचारायचा, "Where's the rest of the house, then?" पहिल्या दिवशी मी बोर्ड पोचवून बाहेर व्हरांड्यात थांबलो. दोन तासांत थंडीने माझे कान गेले. दुसऱ्या दिवशी आत जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. तिथे भिंतीला मोठा लोखंडी हीटर होता. शिकवायला मिस्टर प्रिचर्ड म्हणून एक वेल्श मास्तर होते, ठेंगणे, कोटाच्या बाह्यांवर खडूची पूड. हजेरी घेताना ते माझ्यापाशी थांबले आणि नाव विचारलं. आता वर्गातून हाकलतील या भीतीने मी ताडकन उभा राहून सांगितलं, "गजानन म्हात्रे, सर!" त्यांनी रजिस्टरमध्ये खाली पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. पुढच्या वेळी सगळ्यात शेवटी माझं नाव घेतलं. मी "येस सर" म्हटलं. झालं. गावी आईला पत्र टाकलं की मी विलायतेत कॉलेजला जातो. आईने आळीत साखर वाटली. खोटं काय होतं त्यात? जातच होतो.

दोन वर्षांत मी एकदाही गैरहजर नव्हतो. एलीला एकदा फ्लू झाला तेव्हाही मी गेलो, कारण फ्लू त्याला होता आणि हीटर कॉलेजात होता. सर कधी प्रश्न विचारायचे. माझं उत्तर ठरलेलं, "Same as him, sir," आणि एलीकडे बोट. एली हुशार असल्यामुळे माझी उत्तरंही बरोबर यायची. मला इंग्रजी बोलता यायचं, कामापुरतं, पण वाचता मुळीच यायचं नाही. बसचा नंबर ओळखायचो, पगाराच्या पाकिटावर सही म्हणून माझं नाव चित्रासारखं काढायचो. हे एली सोडून कोणाला माहीत नव्हतं, आणि एलीलाही किती माहीत होतं कुणास ठाऊक, कारण मी फार सफाईने लपवायचो. कोणी कागद दिला की वर धरून, भुवया उंचावून, "हं" म्हणायचं आणि खिशात टाकायचा.

आता टेबल. घरी अभ्यासाला टेबल नव्हतं, तर मी आणलं. सेकंडहँड. दुकानदाराशी मी इंग्रजीत घासाघीस केली आणि तो इतक्या लवकर कबूल झाला की मी स्वतःवर खूश. घरी येऊन ठेवल्यावर कळलं की चौथा पाय आखूड आहे. एलीने रेघ ओढायला घेतली की टेबल डुलायचं आणि रेघेला शेपूट फुटायची. "गज्या, टेबल आणलंस की होडी?" वहिनींनी खाली पुठ्ठा घातला, तो जाड झाला. लाकडाची चकती घातली, ती निसटायची. असं दीड वर्ष चाललं होतं.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या वल्हांडणाच्या सणाला एली सगळ्यांना घेऊन लंडनला नातेवाइकांकडे गेला. मी वर्गाला एकटा गेलो. वर्ग सुटल्यावर प्रिचर्ड सरांनी मला थांबवलं आणि दोन कागद दिले, पिन मारून एकत्र केलेले. ते बरंच बोलले. ते वेल्श चालीत, भरभर बोलायचे. मला कळलं ते एवढंच, की थळकर, सॅटर्डे, आणि व्हेरी इम्पॉर्टंट. आणखी काहीतरी माझ्याकडे बोट करून म्हणाले आणि हसले. मीही हसलो. "येस सर. व्हेरी गुड सर." कागद वर धरून, भुवया उंचावून, "हं" केलं. घरी आलो. घर रिकामं. टेबलापाशी चहा घेऊन बसलो, तर कप डुलून बशीत चहा सांडला. मी ते कागद काढले, चार घड्या केल्या आणि चौथ्या पायाखाली सारले. टेबल असं उभं राहिलं की भिंत हलेल पण ते हलणार नाही. एकच कागद असता तर पुरला नसता, दोन होते म्हणून बरोबर उंची आली. मला वाटलं, एली आला की काय खूश होईल! आणि इम्पॉर्टंटचं मी विसरून गेलो... हे लिहायला सोपं आहे. पण खरं सांगायचं तर विसरलो नव्हतो. एली आल्यावर कागद दिला असता, तर तो म्हणाला असता, काय लिहिलंय? आणि मला सांगता आलं नसतं. इतकंच.

एली खरंच खूश झाला. पाच-सहा आठवडे तो त्या टेबलावर सरळ रेघा ओढत बसला. वहिनींनी नवस बोलला होता की हे पास झाले तर मलिदा करीन. मग कॉलेजच्या भिंतीवर परीक्षेचं वेळापत्रक लागलं, आणि ड्रॉइंगचा पेपर होता शनिवारी सकाळी.

एली धावत प्रिचर्ड सरांकडे गेला. घरी आला तेव्हा त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता, आवाज मात्र हळू होता. "गज्या, सरांनी तुला काही कागद दिले होते का? मी लंडनला होतो तेव्हा."

"दिले ना," मी म्हटलं. "केव्हाच कामाला लावले."

"कुठे?"

मी मोठ्या ऐटीत टेबलाच्या पायाकडे बोट दाखवलं.

एली गुडघ्यांवर बसला, टेबल एका हाताने उचललं, घडी काढली, उलगडली आणि वाचली. पहिला कागद वाचला. मग दुसरा वाचला, तो जरा जास्त वेळ. ज्यांना धर्मामुळे शनिवारी परीक्षा देता येत नाही, त्यांनी दुसरा दिवस मागण्याचा तो अर्ज होता. एप्रिलअखेर पोचायला हवा होता. जूनचा पहिला आठवडा चालला होता. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात पळी. एलीने पुन्हा चार घड्या केल्या, कागद होते तिथे पायाखाली घातले, टेबल हलवून बघितलं आणि म्हणाला, "आता तिथेच राहू दे. टेबल तरी सरळ राहील."

मी त्याला शिव्या दे म्हटलं. दिल्या नाहीत. मग मीच सुरू झालो. "अरे, एक शनिवार लिही. एकच. मग जन्माचे सगळे शनिवार तुझे. देवाला काय हिशेब कळत नाही?"

"शनिवार विकून शनिवार घेऊ?" एली म्हणाला. "मग तो माझ्याकडे राहील का, गज्या?"

"त्या कागदासाठी दोन वर्षं मेलास तू!"

"कागदासाठी नाही रे," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच प्रिचर्ड सरांच्या खोलीवर गेलो. मी म्हटलं, सर, चूक माझी, एलीची नाही. सर म्हणाले, पण मी तुला नीट समजावलं होतं, आणि त्यावर लिहिलंही होतं. मग मला ते म्हणावं लागलं. "Sir, I no read." आयुष्यात पहिल्यांदा कोणासमोर म्हटलं. "दोन वर्षं," ते म्हणाले, "दोन वर्षं तू माझ्या वर्गात करत काय होतास?"

"Warm, sir," मी म्हटलं आणि हीटरकडे बोट दाखवलं.

ते हसले. मग हसायचे थांबले आणि चष्मा काढून पुसत बसले. "आणि दुसरा कागद?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तोही टेबलाखालीच आहे सर, दोन्ही लागतात. त्यांनी मान हलवली. परीक्षा मंडळाला त्यांनी पत्र लिहिलं. उत्तर आलं, मुदत गेली, पुढच्या वर्षी बसावं.

त्या शनिवारी एली कोट घालून नेहमीसारखा प्रार्थनेला चालत गेला. वाट कॉलेजवरूनच जाते. मी दहा पावलं मागे होतो, का ते मलाच माहीत नाही. फाटकातून पोरं बोर्ड घेऊन आत चालली होती. एलीने तिकडे बघितलं नाही असं मी लिहिलं असतं, पण त्याने बघितलं. थांबून, चांगलं निवांत बघितलं, आणि पुढे गेला.

हॉब्जने शब्द पाळला. एलीचं मशीन दुसऱ्याला दिलं आणि त्याच्या हातात झाडू आला. माझ्याशेजारी. मुंबईत ज्याच्या हाताखाली चार माणसं होती, तो आता माझ्या हाताखाली, कारण झाडूमध्ये मी सीनियर. मी कसंबसं हसून म्हटलं, "एली, एक बघ. झाडूवाल्याला शनिवारी सुट्टीच असते. तुला हवं ते मिळालं. आता कशाला परीक्षा?"

तो कीस भरत होता. न बघता म्हणाला, "मला हातातलं कसब आणि शनिवार, दोन्ही हवेत. एक देऊन दुसरं घ्यायचं नाहीये." त्या दोन वर्षांच्या कागदाची किंमत काय, असं मला कोणी विचारलं तर मी हेच वाक्य सांगतो. माझं नाही, त्याचं आहे.

आणि त्याच वर्षी, झाडू मारता मारता, एलीने मला वाचायला शिकवलं. कारण सांगितलं नाही. एका सोमवारी भिंतीवरच्या पाटीपाशी थांबला आणि म्हणाला, "हे पहिलं अक्षर बघ. उलटं पोट असलेला. हा डी." ती पाटी डेंजरची होती. मी त्या पाटीखाली चार वर्षं डबा खात होतो. रोज एक पाटी. कारखान्याच्या भिंतीच माझं पुस्तक झाल्या. पहिली अख्खी ओळ मी स्वतःची स्वतः वाचली ती नो स्मोकिंग, आणि ती वाचून झाल्यावर मला आठवलं की माझ्या तोंडात सिगरेट आहे. एली भिंतीला टेकून डोळे पुसेपर्यंत हसला. घरी त्याच टेबलावर तो त्याच्या रेघा ओढायचा आणि समोर मी माझ्या ए, बी, सी. नेओमी तेव्हा आठेक वर्षांची, माझ्या चुका लाल पेन्सिलीने तपासायची आणि खाली लिहायची, मस्ट ट्राय हार्डर. ते मला पुढे वाचता आलं, तेव्हा कळलं काय लिहायची ती.

पुढच्या जूनमध्ये पेपर गुरुवारी होता. एली पास झाला. नवस फेडायचा म्हणजे मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर फळं, आणि एलियाहू पैगंबराच्या नावाने प्रार्थना. फोल्सहिलच्या पंजाबी दुकानात नारळ मिळाला, पण पोहे काही मिळेनात. मी म्हटलं, वहिनी, घाबरू नका, आणि दुकानातून इथले लोक सकाळी दुधात घालून खातात ते फुगवलेले तांदूळ घेऊन आलो. ते भिजवल्यावर त्याची जी लापशी झाली! वहिनी परातीकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, हा मलिदा आहे की नाश्ता?" एली म्हणाला, "चालेल. पैगंबराला सांगू, गज्याने आणलंय. ते समजून घेतील." आम्ही सगळ्यांनी तो चमच्याने खाल्ला.

एली काचेच्या खोलीत गेला, पांढरा कोट घालून. माझीही बढती झाली. पाट्या वाचता येतात म्हणून मला एका साध्या मशीनवर घेतलं, आणि माझे पार्ट तपासायला एलीकडे जायला लागले. तो परत पाठवायचा. "एली, मित्राकडे जरा डोळेझाक कर की!" तो म्हणायचा, "करतो. त्या गाडीत तू बसणार असशील तर करतो." एकदा दिवाळीच्या मेळाव्यात हॉस्पिटलमधले एक मराठी डॉक्टर आले होते. सगळ्यांची शिक्षणं विचारत होते. एलीने सांगितल्यावर म्हणाले, "दोन वर्षांचा कोर्स? म्हणजे डिग्रीच्या मानाने अर्धंच झालं ना तसं?" माझ्या जिभेवर काहीतरी जहरी आलं होतं. पण एली शांतपणे म्हणाला, "हो डॉक्टर, अर्धंच. पण शनिवार पूर्ण मिळतो." डॉक्टरांना काही कळलं नाही, त्यांनी चिवडा घेतला.

पंचाहत्तरला कारखान्याने माणसं कमी केली. त्यात पहिला मी, आणि त्याबद्दल कारखान्याला दोष नाही, त्यांनी माझे पार्ट बघितले होते. मेडनहेडला गोदामात काम लागलं ते खोक्यांवरची लेबलं वाचता येतात म्हणून. एली राहिला. सुट्टीत मी जायचो तेव्हा त्याच्या टेबलाभोवती फोल्सहिलमधली माणसं बसलेली असायची, कौन्सिलचे, गॅसचे, शाळेचे फॉर्म घेऊन. एली प्रत्येक फॉर्म आधी मोठ्याने वाचून दाखवायचा, मग भरायचा. आणि देताना विचारायचा, "पोचवायची तारीख कधी आहे, सांगा बघू." माझ्याकडे बघायचा नाही.

त्याला जाऊन तीस दिवस झाले तेव्हा मी परत गेलो. वहिनींनी मलिदा केला होता, आता पोहे मिळतात. वहिनी घर विकून नेओमीकडे केंब्रिजला जाणार. "काका," नेओमी म्हणाली, "हा टेबल फार जुनी झाली. तुम्हाला हवा का? नाहीतर टाकून देऊ." मी हो म्हटलं. गोदामाची व्हॅन मागून आणली होती. ती आणि मी दोन्हीकडून टेबल उचललं, आणि जमिनीवर ती घडी राहिली. तेरा वर्षांत काळी, चपटी, दगडासारखी झालेली. नेओमी केराची सुपली आणायला गेली. मी ती उचलली. माझ्या डोक्यात आलं, हे मी कधी वाचलेलंच नाही.

खिडकीपाशी जाऊन उलगडली. पिनेचा गंज उमटला होता. पहिला कागद एलीचा, शनिवारचा अर्ज. वाचला, बोट ठेवून, हळूहळू. मग दुसरा. तो परीक्षेला बसण्याचा अर्ज होता. वर नाव आधीच घातलेलं, प्रिचर्ड सरांच्या अक्षरात, पेनाने, पेन्सिलीने नाही. जी. म्हात्रे. हजेरी, पूर्ण. खाली उमेदवाराच्या सहीची जागा कोरी.

म्हणजे सरांनी मला मोजलं होतं. आणि एलीने त्या दिवशी गुडघ्यांवर बसून तो कागद जास्त वेळ वाचला, तो यासाठी. त्याचं वर्ष माझ्यामुळे गेलं होतं आणि तो वाचत होता माझं नाव. मग त्याने मला डी दाखवला. मी पास झालो असतो असं नाही, पहिल्या प्रश्नाला "Same as him, sir" लिहून आलो असतो. पण त्याने मला तेरा वर्षांत हे कधी सांगितलं नाही, आणि का नाही ते मला बरोबर माहीत आहे. सांगितलं असतं तर मी त्याचा जोक केला असता. जन्मभर, प्रत्येक दिवाळीत.

"काय आहे काका?" नेओमीने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, पायाखालचं आहे. टाकू नकोस."

टेबल आता माझ्या खोलीत आहे. हे सगळं त्याच्यावर बसून लिहिलं. लिहिण्याआधी मी कागद पुन्हा चार घड्या करून चौथ्या पायाखाली घातले, दोन्ही. त्याआधी सहीच्या जागी सही केली. चित्र काढल्यासारखी नाही, अक्षर अक्षर वाचत. तारखेच्या रकान्यात शनिवार पडत होता, म्हणून रविवारपर्यंत थांबलो.